दोन बाजारांनंतरचा मंगळवार

माझा दादा सोळा वर्षांपूर्वी तालुक्याच्या कोर्टाच्या फाटकातून चहा प्यायला म्हणून बाहेर पडला, तो अजून परत आलेला नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना आवाज हलत नाही. लिहिताना मात्र हात थांबतो, हे आज कळलं.

भांडण पाण्याच्या पाळीचं होतं. निरवांगीत आमचं रान कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या पार शेवटाला. वरच्या शेजाऱ्यांनी आमच्या पाळीत आपल्या रानाकडचं दार उघडलं, म्हणून दादानं त्यांना ढकललं, ते चारीत पडले आणि कोपर फुटलं. फिर्याद झाली. मारहाण, शिवीगाळ आणि धमकी. शिवीगाळ झाली होती हे खोटं नाही. मी बांधावरच होते, सगळ्या शिव्या माझ्या कानांनी ऐकल्या, आणि घरी येताना त्यातल्या एकीचं लिंग चुकलं होतं हे मी त्याला सांगितलंही. तेवढ्या रागातही तो हसला. "मास्तरीण," म्हणाला. मी तेव्हा अजून मास्तरीण झाले नव्हते, डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. पण तो मला लहानपणापासून तेच म्हणायचा, कारण कुणाचं चुकलेलं मला बघवत नसे. अजूनही बघवत नाही. घरातले लोक त्याला माझा स्वभाव म्हणतात, शाळेतले लोक दुसरं काहीतरी म्हणत असतील.

तर तारखा सुरू झाल्या. गुन्हा किरकोळ, जामीन ठाण्यातच झालेला. वकील इंदापूरचे, भले गृहस्थ. एका शुक्रवारी कोर्टातून बाहेर पडता पडता त्यांनी आबांना सांगितलं, "दोन बाजार झाले की येणारा मंगळवार." आबा म्हणजे आमचे वडील. त्यांनी मान हलवली. चिठ्ठी लिहून घ्यावी असं दोघांच्याही मनात आलं नाही, कारण आमच्याकडे आठवडे असेच मोजतात. कांद्याची लागण होऊन तीन बाजार झाले, सून माहेराहून दोन बाजारांनी येणार, असं. बाजार म्हटलं की कुठला, हे कुणी विचारत नाही. ज्याचा त्याला माहीत असतो.

वकिलांचा बाजार इंदापूरचा, रविवारचा. आबांचा बाजार बारामतीचा, गुरुवारचा. आमची वांगी, गवार, कोथिंबीर जन्मभर काटेवाडीवरून बारामतीलाच गेली, इंदापूरचा बाजार आबांनी कधी बाजारात धरलाच नाही. त्या शुक्रवारपासून दोन रविवार मोजले तर मंगळवार अकराव्या दिवशी येतो. दोन गुरुवार मोजले तर अठराव्या. आबा आणि दादा धुतलेले कपडे घालून, दहाच्या आधी, बरोब्बर एक आठवडा उशिरा कोर्टात पोचले.

खिडकीतल्या कारकुनानं वही बघितली आणि सांगितलं की तारीख मागच्या मंगळवारी होऊन गेली, आरोपी हजर नव्हता, वॉरंट निघालंय. वकील त्या दिवशी पुण्याला गेलेले. त्या वेळी आत जाऊन साहेबांपुढं उभं राहिलं असतं, चूक सांगितली असती, तर थोडाफार दंड भरून वॉरंट रद्द झालं असतं. हे आज मला झोपेतसुद्धा सांगता येईल. तेव्हा आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. वॉरंट हा शब्द आम्ही फक्त ऐकला होता. दादाचं तोंड पांढरं पडलं, असं आबा सांगतात. तो म्हणाला, "आबा, तुमी बसा हितं सावलीला. मी च्या घिऊन येतो." आबा बसले. कोर्ट उठेपर्यंत बसून राहिले.

त्या दिवसापासून आबांच्या तोंडात बाजार हा शब्द नाही. "बारामतीला जाऊन येतो," म्हणतात. "गुरुवारी माल लावायचाय," म्हणतात. गेली सोळा वर्षं माल दर आठवड्याला त्याच बाजारात जातो आणि त्या बाजाराचं नाव घरात निघत नाही. आम्ही कुणी त्यांना कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं, निदान त्यांना उलट बोलता आलं असतं.

पोलीस दोन-तीनदा येऊन गेले. घर बघायचे, कागदावर लिहायचे, "सदर इसम मिळून आला नाही." मी हे वाक्य हवालदाराच्या खांद्यावरून वाचलं होतं. मिळून येणे. मला वाटायचं, हा काय शब्द आहे माणसासाठी? हरवलेली मेंढी मिळून येते, चोरीची मोटार मिळून येते. पण दादाच्या बाबतीत नंतर मला दुसरा शब्द सापडलाही नाही. तो मिळून यावा एवढंच मला हवं होतं, आणि अजून हवं आहे. पुढं पुढं पोलीस यायचे बंद झाले. आम्हाला वाटलं, विसरले. आणि मग आम्ही एक पक्कं ठरवून टाकलं की कुणी म्हणजे कुणीच कोर्टात जाऊन विचारायचं नाही. विचारलं की त्यांना आठवेल. भावकीतल्या मोठ्यांनीही हेच सांगितलं, की उगा खपली काढू नका. गावात ज्याच्या त्याच्या घरात अशी एखादी न विचारलेली गोष्ट असते.

दादा जिवंत आहे हे मला कशावरून माहीत, असं विचाराल तर फोनवरून. तो गेल्यानंतर दुसऱ्या भाऊबीजेला दुपारी माझा मोबाइल वाजला. मी हॅलो म्हणाले, पलीकडून काही नाही. गाड्यांचा आवाज, आणि कुणाचा तरी श्वास. मी तीनदा हॅलो म्हणाले आणि मग एकदम कळलं. मी ठेवला नाही. ओवाळणीचं ताट समोर होतं, त्यात काय काय ठेवलंय ते मी सांगत बसले. फोन कटला. उलट लावला तर एका ट्रकवाल्यानं उचलला. हिंदीत म्हणाला, कुणीतरी दोन मिनिटांसाठी मागितला होता, तो माणूस केव्हाच गेला. तेव्हापासून दर भाऊबीजेला फोन येतो, दर वेळी वेगळ्या नंबरावरून. तो बोलत नाही. बोललं की पत्ता लागतो असं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. मी मात्र वर्षभराचं सगळं सांगते. माझं लग्न झालं, नवरा वालचंदनगरला कारखान्यात आहे, आम्हाला क्वार्टर मिळालं, मी तिथल्याच शाळेत गणित शिकवते. डाळिंब काढून टाकलं. आई गेली, तेही मी असंच सांगितलं. त्या वर्षी फोन बराच वेळ कटला नव्हता. मी नंबर बदललेला नाही आणि बदलणार नाही.

आता फळ्याचं सांगते.

तीन वर्षांपूर्वी मी बारामतीहून एसटीनं येत होते. काटेवाडीच्या एक भाजीवाल्या बाई शेजारी बसल्या होत्या. रिकाम्या पाट्या पायाशी. माझ्या हातात उत्तरपत्रिका बघून त्यांनी ब्लाउजमधून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. "बाई, तुमी शिकलेल्या हाय. मालकाच्या केसचा नंबर हाय ह्यो. फोनात बघता येतंय म्हणत्यात." मला माहीत नव्हतं बघता येतं. कोर्टाची वेबसाइट उघडली, तालुका निवडला, नंबर टाकला, आणि बाईंच्या मालकांची सगळी केस माझ्या तळहातावर आली. कधी दाखल, कधी कोण हजर, कधी कोण गैरहजर, पुढची तारीख. पासवर्ड नाही, अर्ज नाही, कुणाची ओळख नाही. पुढची तारीख त्याच दिवसाची होती. दुपारचे चार वाजले होते.

बाई पाट्या एकात एक घालत बसल्या. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला संताप आला होता. कोर्टाचा नाही, वकिलाचा नाही. सगळं उघड्यावर मांडून ठेवलंय, कुणीही बघावं असं, आणि ज्यानं बघायला पाहिजे त्याला हे आहे हेच माहीत नाही. असा राग मला फळ्यावरचं गणित समोर असून वहीत चुकीचं उतरवणाऱ्या पोरांचा येतो. पण इथं चूक त्या बाईंची नव्हती.

आमच्या गावात एक निवृत्त कोर्ट कारकून आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. उभी नोकरी त्यांनी तालुक्याच्या कोर्टात काढली. मी रविवारी माहेरी गेले तेव्हा त्यांच्याकडे गेले आणि तावातावानं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पान लावलं, आणि म्हणाले, "बाई, लोकं तारीख चुकवत न्हाईत. तारीख लोकांना चुकवती." त्या मंगळवारी खिडकीत तेच बसले होते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारून काय करायचं होतं? बसले असतील तर त्यांनी वहीत जे होतं तेच सांगितलं.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. गावातल्या दूध डेअरीवर फॅट लिहायचा फळा असतो, त्याच्या शेजारी दुसरा फळा लावायचा. गावातल्या माणसांच्या केसेसच्या पुढच्या तारखा दर रविवारी वेबसाइटवरून बघून त्यावर लिहायच्या. डेअरीवर दिवसातून दोनदा सगळं गाव येतं. ग्रामसभेत विषय मांडला आणि अपेक्षेप्रमाणे गोंधळ झाला. एक म्हातारी उठली. मला वाटलं पाठिंबा द्यायला. ती म्हणाली, "माज्या लेकाचं नाव दुधाच्या कॅनीपाशी लिवणार व्हय? माजी नात लग्नाची हाय." मी म्हणाले की आजी, हे सगळं आधीच जगाला दिसतंय. ती म्हणाली, "जगाला दिसू दे की. जग माज्या दारात सोयरीक घिऊन येत न्हाय."

शाळेत मी कुणाचं इतक्या लवकर ऐकलं नसतं. पण तिचं खरं होतं. म्हणून नियम केला, की फळ्यावर नाव नाही, गुन्हा नाही. फक्त केसचा नंबर आणि तारीख. ज्याचा नंबर त्याला पाठ. आणि केस निकाली निघाली की नंबर एक आठवडा ठेवायचा, मग पुसायचा, म्हणजे कुणाच्या मागे तो उगीच लटकत राहायला नको. पुसायचं काम माझं. फळ्याची सवय लागून मला इथंही कुणाचं नाव लिहावंसं वाटत नाही.

फळा चालला. वेबसाइट बघायला गावातल्याच चार सुना शिकल्या, मग शेजारच्या वाड्यावस्त्यांवरून लोक नंबर घेऊन यायला लागले. तात्यांनी एक वही घातली. ज्यांच्यावर वॉरंट निघालं होतं त्यांना तारीख का चुकली हे विचारायचं आणि एका रकान्यात लिहायचं. मला वाटलं होतं लोक लपवतील. उलट कुणी विचारलंच नव्हतं म्हणून लोक बोलत सुटले. गाडी मिळाली नाही, मजुरी बुडाली असती, वकिलाचा फोन लागला नाही, समन्स दुसऱ्याच आळीत त्याच नावाच्या माणसाला गेलं. आणि तात्यांच्या बारीक, गोल अक्षरात पुन्हा पुन्हा एक कारण होतं: बाजार चुकला.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून बाहेर डेअरीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही चूक जगात फक्त आमच्या घरानं केली. आबांनी केली. ती तर दोन बाजारांच्या मधल्या पट्ट्यात राहणारं कुणीही करत होतं, आणि प्रत्येक घराला वाटत होतं की आपल्यासारखे येडे आपणच. मला मोकळं वाटलं आणि त्याच वेळी रडू आलं. तात्या बाहेर आले, काय झालं म्हणाले, मी फॅटच्या मशीनचा वास सहन होत नाही म्हणाले.

कायदेशीर मदतीचं शिबिर तालुक्याला भरलं तेव्हा आम्ही ती वही घेऊन गेलो. तात्या, मी, काटेवाडीच्या त्या बाई. नावं झाकून झेरॉक्स काढल्या होत्या. तिथल्या मॅडमनी पानं उलटली आणि विचारलं, "बाजार चुकला म्हणजे?" काटेवाडीच्या बाईंनी सांगितलं. रविवार, गुरुवार, बोटं मोजून. मॅडमनी पुन्हा एकदा मोजायला लावलं. पण त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यानंतर वकील मंडळींनी आपसात ठरवलं, की पक्षकाराला तारीख कागदावर, आकड्यात लिहून द्यायची. आता आमच्याकडच्या लोकांच्या खिशात ती छोटी चिठ्ठी असते. फार मोठं काही झालं नाही. केस लवकर संपत नाही, कोर्टाचा जिना कमी होत नाही. पण माणूस बरोबर मंगळवारी पोचतो.

आणि एवढं सगळं करताना मी दादाची केस बघितली नव्हती. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. एकदा, वर्गात मधली सुट्टी असताना, त्याचं नाव टाकलं. काही आलं नाही. इंग्रजी स्पेलिंग कसं केलं असेल कुणास ठाऊक, वर ठाण्यात त्याचं घरातलंच नाव लिहिलं गेलेलं असणार. दुसऱ्या तऱ्हेनं टाकून बघावं इतकं धाडस झालं नाही. गावाला ओरडून सांगत होते की विचारा, बघा, घाबरू नका. स्वतः घाबरत होते. बघितलं आणि वॉरंट अजून उभं असलं तर? वॉरंट नसेल आणि तरी तो येत नसेल, तर ते वेगळं. पण असलं तर तो कधीच येणार नाही, हे मला लेखी नको होतं.

यंदा पावसाळ्याच्या शेवटाला तात्यांनी जाहीर केलं की ज्यांच्याकडे जुने कागद पडलेत, केस चालू आहे की नाही माहीत नाही, त्यांनी ते घेऊन यावं. रविवारी सकाळी डेअरीवर दुधाची रांग आणि कागदांची रांग एकच झाली. मी टेबलाशी बसून नंबर टाकत होते. मान वर केली तर रांगेत आबा. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात दुधाची धुतलेली प्लास्टिकची पिशवी. त्यांनी आपली पाळी आल्यावर पिशवीतून कागद काढून तात्यांच्या हातात दिला. मी समोर असून. ठाण्यातल्या जामिनाचा कागद होता तो, कोपऱ्यात निळ्या पेनानं कोर्टाचा केस नंबर लिहिलेला. सोळा वर्षं तो कुठं होता हे मला माहीत नव्हतं.

तात्यांनी नंबर वाचला. मी टाकला. मराठी पर्याय निवडला, चाक गोल गोल फिरत राहिलं, डेअरीवर रेंज कमीच येते. मग पान उघडलं.

स्थिती: निकाली.

मी तात्यांकडे फोन दिला, कारण मला पुढचं वाचता येईना. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि वाचलं. मग आबांना समजेल असं सांगितलं. "आरोपी मिळून येत न्हाय, गुन्हा किरकोळ, केस जुनी, म्हणून साहेबांनी काम थांबवलं. वॉरंट परत मागवलं. संपलं समदं."

"कवा?" आबांनी विचारलं.

तात्यांनी तारीख वाचली. दादा गेल्यानंतरच्या चौथ्या वर्षातली होती. म्हणजे बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं तो ज्याला घाबरून कुठंतरी राहत होता, ट्रकवाल्यांचे फोन मागत होता, ते मुळात नव्हतंच. आणि ते नाही, हे इतक्या वर्षांत कुणालाही, कुठूनही, फुकट बघता आलं असतं. मला बघता आलं असतं. आई असताना बघता आलं असतं. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि लोकांनी समजूत काढली तर मला राग येतो.

"आमाला कसं न्हाय कळवलं?" आबा म्हणाले.

"कळवायचं आरोपीला असतंय आबा," तात्या म्हणाले. "त्यो तर मिळून आला न्हाय."

मागच्या माणसानं कॅन पुढं सरकवली. मग आबा माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, पंप बंद कर म्हणावं तसे म्हणाले, "मग त्येला कळवा की."

तो नंबर मी फळ्यावर लिहिला. पुढं लिहिलं, निकाली. एक आठवडा झाला, मी पुसला नाही. दोन झाले. जागा कमी पडायला लागली तेव्हा एका सुनेनं विचारलं, ताई, हा जुना झाला ना? तात्याच म्हणाले, असू दे. फिर्याद दिलेल्या शेजाऱ्यांना आबांनी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांच्याशी आमचं केव्हाच नीट झालंय, आईच्या दहाव्याचं सगळं त्यांनीच बघितलं होतं. ते म्हणाले, "मला तरी कुठं ठावं हुतं? मी आपला देवाला म्हणायचो, त्यो येऊ दे, मी माघार घेतो." मी कोर्टातून निकालाची नक्कल काढून आणली. आबा ती घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवतात. रानातसुद्धा. कुणाला दाखवायची आहे ते मी विचारत नाही.

भाऊबीजेला मी सकाळपासून माहेरी होते. फोन पूर्ण चार्ज करून ओट्यावर ठेवला होता. काय बोलायचं ते मी लिहून काढलं होतं, दोनदा खोडून. आबा चुलीपाशी काही काम नसताना बसले होते. तीन वाजून गेले, आणि वाजला.

या वेळी मागं गाड्या नव्हत्या. कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज होता. मी हॅलो म्हटलंच नाही. म्हणाले, "दादा, ठेवू नकोस. तुझी केस संपलीय. वॉरंट नाही. कोर्टानं परत घेतलं. माझ्याकडे कागद आहे, शिक्क्याचा. पुढची तारीख नाही, दादा. कुठलीच तारीख नाही." एवढं बोलून श्वास घेतला. लिहिलेलं बाकीचं विसरले.

भांड्यांचा आवाज थांबला. मग सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. जाड झालाय. पण त्याचाच.

"कवा, मास्तरीण?"

तारीख मला तोंडपाठ होती. दिवस, महिना, साल. तीन वर्षं मी गावाला सांगत होते की तारीख आकड्यात सांगा, अंदाजे सांगू नका, त्यानं माणसं बुडतात. पण खरी तारीख सांगितली असती तर त्याला कळलं असतं की बारा वर्षं फुकट गेली, आई गेली तेव्हाही तो उघड माथ्यानं येऊ शकला असता. ते ऐकून तो आला असता की आणखी लांब गेला असता, मला ठरवता आलं नाही.

"परवा," मी म्हणाले. "परवाच झालं."

तो "हां," म्हणाला, आणि कटलं. उलट लावला तो बंद.

मी फोन घेऊन तशीच उभी होते. आबांनी विचारलं, काय म्हणला. मी सांगितलं, कवा झालं म्हणून विचारलं. "मग?" "मी परवा म्हणाले." आबांनी खिशावर हात ठेवला. त्या कागदावर खरी तारीख आहे, ठळक, शिक्क्याच्या वर, आणि तो आला की पहिल्यांदा तोच कागद मागणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आल्यावर काय ते बघू, असं मी मनाशी म्हटलं. आधी येऊ तर दे.

आबा उठले. दारात जाऊन रस्त्याकडे बघितलं. म्हणाले, "काम टाकून यायचं, गाडी मिळायची. दोन बाजार तरी लागतील त्येला."

कुठले बाजार, ते मी विचारलं नाही.

हे मी सोमवारी लिहितेय. इंदापूरचा दुसरा बाजार काल झाला. बारामतीचा अजून व्हायचाय, गुरुवारी आहे. मी आता आबांसारखंच मोजते.